प्रतिप्रश्न न करणारा वाचक : साधनवर्णनाच्या गद्याविषयी

‘उपयोजित मराठी’ किंवा ‘व्यावहारिक मराठी’ या नावाने आपल्याकडे काही लेखनप्रकार शिकवले जातात. अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, सारांश, वृत्तलेखन ही त्यांतली नेहमीची नावे. वाङ्मयाचे अध्यापक हा भाग बहुधा निरुत्साहाने शिकवतात, विद्यार्थी तो गुणांपुरता शिकतात, आणि ‘खरे’ वाङ्मय पुढच्या तासाला सुरू होते, अशी दोघांचीही समजूत असते. या उपेक्षित यादीत आणखी एका प्रकाराची भर घालावी, असे मला सुचवायचे आहे. हा प्रकार म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटांसाठी लिहिलेली साधनांची वर्णने. विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु हे लेखन चांगले होण्यासाठी ज्या प्रकारची भाषिक जाण लागते ती जोपासण्याचे काम वाङ्मयाच्या आणि शास्त्राच्या अभ्यासकांनीच आजवर केलेले आहे. ती जाण असलेल्यांनी या कामाकडे पाठ फिरवली तर त्याची किंमत मराठीला मोजावी लागेल, असे माझे मत आहे.

१.

आधी या लेखनाचे स्वरूप पाहू. ‘एजंट’ हा शब्द मराठीला नवा नाही. विम्याचा एजंट, जागेचा एजंट, आरटीओच्या फाटकाबाहेर उभा असलेला एजंट, हे सगळे आपल्या वतीने खेटे घालणारे लोक. संगणकाच्या क्षेत्रात हा शब्द याच अर्थाने आला आहे. भाषा-मॉडेलला नुसते उत्तर देण्याऐवजी काम करायला सांगितले, म्हणजे सूची चाळून ये, पत्र पाठव, नोंद दुरुस्त कर असे सांगितले, की ते एजंट होते. मात्र मॉडेल स्वतः फक्त मजकूर वाचू आणि लिहू शकते. म्हणून प्रोग्रामर त्याला काही साधने पुरवतात. प्रत्येक साधनाबरोबर तीन गोष्टी असतात: साधनाचे नाव, त्यात भरायच्या रकान्यांची यादी, आणि साध्या भाषेतले वर्णन. वापरणाऱ्याची विनंती आली की मॉडेल ती या वर्णनांच्या शेजारी ठेवून वाचते, एक साधन निवडते, आणि कोणत्या रकान्यात काय भरायचे ते लिहून देते. प्रत्यक्ष काम दुसरा प्रोग्राम करतो आणि त्याचा निकाल पुन्हा मजकुराच्या रूपाने मॉडेलपुढे येतो.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना ही सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत जाहीर केला, आणि एका ठिकाणी कोणीतरी तयार केलेले साधन दुसऱ्या ठिकाणच्या, भलत्याच कोणाच्या एजंटाला वापरता येऊ लागले. आपल्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे, की लेखक आणि वाचक यांची ओळख तुटली. साधनाचे वर्णन लिहिणाऱ्याला ते कोण वाचणार आणि कोणत्या प्रसंगी वाचणार हे ठाऊक नसते. वाचणाऱ्या मॉडेलला साधनाच्या पोटातला प्रोग्राम सहसा दिसत नाही. मध्ये उरतात ती चार-सहा वाक्ये.

२.

वाचकाच्या स्वरूपाचा विचार समीक्षेने पुष्कळ केला आहे. संस्कृत काव्यशास्त्राने ‘सहृदय’ कल्पिला. विसाव्या शतकात वोल्फगांग इझरने संहितेतल्या रिकाम्या जागा आणि त्या भरून काढणारा वाचक यांविषयी लिहिले. साधनवर्णनाचा वाचक या मालिकेत ठेवून पाहिला तर मोठा विलक्षण दिसतो. तो बहुश्रुत आहे आणि तरी नवखा आहे. त्याने अफाट वाचलेले आहे; पण या कचेरीतला त्याचा आजचा दिवस पहिला आहे, आणि स्मृतीची मुद्दाम सोय केलेली नसेल तर उद्याचा दिवसही पहिलाच असणार आहे. काम सांगणाऱ्या माणसाला तो क्वचित शंका विचारू शकेल. वर्णन लिहिणाऱ्याला मात्र कधीच विचारू शकत नाही.

शंका आली की असा वाचक थांबतोच असे नाही. पुष्कळदा तो रिकामी जागा स्वतःच्या व्यासंगातून भरून काढतो आणि पुढे जातो. कथेत किंवा कवितेत हेच वाचकाचे सामर्थ्य ठरते. इथे मात्र चुकीची तारीख, भलत्याच माणसाला गेलेले पत्र, कायमची पुसलेली नोंद असे त्याचे परिणाम होतात. इझरच्या वाचकाने चुकीचा अर्थ लावला तर फार तर एक वाद होईल. या वाचकाने लावलेला अर्थ त्याच क्षणी कृती होतो.

३.

एक काल्पनिक, पण आपल्या ओळखीच्या परिसरातले उदाहरण घेऊ. समजा, एका जुन्या ग्रंथालयाने आपल्या सूचीसाठी साधन तयार केले. त्याचे नाव ‘ग्रंथ_शोधा’. रकाने तीन: लेखक, शीर्षक, वर्ष. वर्णन एका ओळीचे: ‘ग्रंथालयातील पुस्तके शोधते.’ हे वाक्य खोटे नाही, दुर्बोध नाही, व्याकरणदृष्ट्याही निर्दोष आहे. तरीही ते कुचकामी आहे.

एखादी विद्यार्थिनी एजंटाला सांगते, ‘राम गणेश गडकऱ्यांची सगळी पुस्तके शोध.’ गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने लिहिली आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने केले. सूचीकाराने ही नावे एकत्र जोडली आहेत, की प्रत्येक पुस्तकावर छापलेले नाव तसेच उतरवले आहे? वर्णन याविषयी मौन पाळते. हीच गत शिरवाडकरांची. ‘कुसुमाग्रज’ असे टाकले तर ‘विशाखा’ सापडेल आणि ‘नटसम्राट’ कदाचित निसटेल. ‘शिरवाडकर’ टाकले तर उलट. खानोलकरांचे ‘आरती प्रभू’ हे नाव आणि त्यांच्या कादंबऱ्यांवरचे नाव यांचेही तेच. मॉडेलला ही टोपणनावे बहुधा ठाऊक असतात. या सूचीने त्यांचे काय केले आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणे शक्य नाही.

शीर्षकाचे पाहा. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक नियम राज्य शासनाने १९६२ साली मान्य केले आणि ‘कांहीं’, ‘नांव’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकाचे शीर्षक सूचीत छापल्याप्रमाणे नोंदलेले असेल, तर आजच्या लेखनाने ते सापडणार नाही. वर्षाचे तर विचारूच नये. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शालिवाहन शक छापलेला असतो. सूचीत ‘१८८०’ असा आकडा दिसला तर तो इसवी सन आहे, की शके १८८०, म्हणजे इसवी सन १९५८-५९? दोन्ही वर्षी मराठी पुस्तके निघालेली आहेत. आकड्यावरून काहीच कळत नाही.

सर्वांत घातक मौन आहे ते रिकाम्या निकालाविषयीचे. शोध घेतला आणि हाती काही लागले नाही, तर त्याचा अर्थ काय? पुस्तक ग्रंथालयात नाही, सूचीत नाही, की त्या लेखनाने सापडले नाही? आपल्या दर्शनकारांनी अनुपलब्धीची चर्चा करताना या भेदाला फार महत्त्व दिले. उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही तर काहीच म्हणता येत नाही. एजंट मात्र त्या विद्यार्थिनीला शांतपणे सांगेल, की या कवीचा एकही संग्रह या ग्रंथालयात नाही. ती ते वाक्य प्रबंधात उतरवेल, आणि एका सूचीकाराच्या सवयीतून वाङ्मयेतिहासातला एक खोटा अभाव निर्माण होईल.

आता हेच वर्णन पुन्हा लिहून पाहू:

‘या ग्रंथालयातील छापील पुस्तकांच्या सूचीत शोध घेते. नियतकालिके आणि दिवाळी अंक या सूचीत नाहीत; त्यांसाठी ‘नियतकालिक_शोधा’ वापरावे. हस्तलिखितांसाठी साधन उपलब्ध नाही. ‘लेखक’ या रकान्यात पुस्तकावर छापलेले नाव द्यावे. टोपणनावे आणि मूळ नावे सूचीत जोडलेली नाहीत. लेखकाची एकाहून अधिक नावे असल्यास प्रत्येक नावाने स्वतंत्र शोध घ्यावा. शीर्षके छापल्याप्रमाणे नोंदलेली आहेत. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांसाठी अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना असे दोन्ही लेखन वापरावे. ‘वर्ष’ इसवी सनाचे, चार अंकी द्यावे. शक देऊ नये. निकाल रिकामा आल्यास दिलेल्या लेखनाने नोंद सापडली नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. पुस्तक अस्तित्वात नाही, किंवा ग्रंथालयात नाही, असे त्यावरून सांगू नये.’

या परिच्छेदात संगणकशास्त्राचे एकही वाक्य नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास आहे, टोपणनावांची परंपरा आहे, लेखननियमांचा इतिहास आहे, आणि अभावाविषयी बोलताना पाळायचा विवेक आहे. प्रोग्राम कितीही उत्तम लिहिणाऱ्याला हा परिच्छेद एकट्याने लिहिता येईलच असे नाही. तो लिहू शकणारी व्यक्ती बहुधा याच इमारतीत, शेजारच्या मराठी विभागात बसलेली असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते.

४.

वर्णनाच्या शब्दांवर एवढे अवलंबून असते याचा अनुभव या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतः नोंदवला आहे. अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात म्हटले आहे, की प्रोग्राममधील दोष दुरुस्त करणारा एजंट घडवताना त्यांचा वेळ मुख्य सूचनापत्रापेक्षा साधने नीट करण्यात अधिक गेला. त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे. फाइलचा पत्ता ‘इथून पुढे दुसरे दार’ अशा सापेक्ष रीतीने देण्याची मुभा होती; एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की ‘इथून’ या शब्दाचा अर्थ बदले आणि तो चुके. प्रत्येक वेळी संपूर्ण पत्ता देणे सक्तीचे केल्यावर ती चूक थांबली. सप्टेंबर २०२५ च्या त्यांच्याच दुसऱ्या लेखात आणखी एक नोंद आहे. इंटरनेटवर शोध घेणारे साधन वापरताना मॉडेल शोधशब्दांना विनाकारण ‘२०२५’ हा आकडा जोडत होते आणि निकाल बिघडत होते. साधनाचे वर्णन सुधारून हा दोष घालवण्यात आला.

व्याकरणाच्या अभ्यासकाला यातले पहिले उदाहरण ओळखीचे वाटेल. ‘इथे’, ‘आता’, ‘मागचा’, ‘तो’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून आणि वेळेवरून ठरतो. समोरासमोरच्या संभाषणात ते सोयीचे असतात. लेखक आणि वाचक यांची जागा एक नसेल तेव्हा ते दगा देतात.

५.

वर्णनाची परीक्षा कशी करावी? त्यासाठी नवे शास्त्र शोधण्याची गरज नाही. लक्षण म्हणजे व्याख्या कशी असू नये हे न्यायशास्त्राने तीन दोषांत सांगून ठेवले आहे, आणि गाईचे त्याचे पाठ्यउदाहरण अनेकांना स्मरत असेल. गाय म्हणजे तांबूस-पिंगट प्राणी म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. गळ्याखालची पोळी सांगितली की गाय नेमकी ओळखता येते.

साधनवर्णनांचे दोष याच तीन प्रकारांत मोडतात. ‘ग्रंथालयातील पुस्तके शोधते’ यात अतिव्याप्ती आहे, कारण दिवाळी अंकही पुस्तकासारखाच कपाटात असतो आणि एजंट त्याचा शोध इथेच घेत बसेल. ‘कादंबऱ्या शोधण्यासाठी वापरावे’ असे लिहिले तर अव्याप्ती. कवितासंग्रह हवा असेल तेव्हा योग्य साधन हाताशी असूनही एजंट ते उचलणार नाही. आणि प्रोग्राम बदलला पण वर्णन जुनेच राहिले, तर असंभव. जे साधन आता ते काम करतच नाही त्याचे ते लक्षण झाले. साधने अनेक असतात तेव्हा या परीक्षेचे महत्त्व वाढते, कारण तिथे प्रत्येक वर्णनाला शेजारच्या साधनापासून आपली सीमा आखून द्यावी लागते. म्हैस कुठे जाईल हे सांगितल्याशिवाय गाईचे लक्षण पुरे होत नाही.

व्याख्येनंतर प्रश्न येतो क्रियापदाचा. मराठीत ‘काढणे’ हे क्रियापद घ्या. चित्र काढतात तेव्हा नसलेली गोष्ट निर्माण होते. बँकेतून पैसे काढतात तेव्हा असलेली गोष्ट हाती येते. आदेश काढतात तेव्हा तो जाहीर होतो. नाव काढणे याचे तर तीन अर्थ: मुलगा बापाचे नाव काढतो, एखाद्याचे नाव काढू नकोस म्हणून आपण बजावतो, आणि यादीतून नाव काढले जाते. आता कचेरीतला माणूस एजंटाला सांगतो, ‘गेल्या वर्षीच्या नोंदी काढ.’ एजंटापुढे दोन साधने आहेत. एक नोंदी शोधून समोर ठेवते, दुसरे नोंदी नष्ट करते. त्या माणसाच्या मनात कोणता अर्थ होता हे शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला आवाजावरून, प्रसंगावरून कळले असते.

साधनांची वर्णने आज बहुतांशी इंग्रजीत लिहिली जातात. म्हणून हा प्रश्न मिटत नाही, उलट अवघड होतो. इंग्रजीत नोंद पाहणे आणि नोंद पुसणे यांसाठी वेगळी क्रियापदे आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याला धोका जाणवतच नाही. मराठी वापरणारा मात्र एकच क्रियापद वापरणार. म्हणून नोंदी नष्ट करणाऱ्या साधनाच्या वर्णनात स्पष्ट लिहायला हवे, की ही कृती मागे घेता येत नाही. वापरणाऱ्याने ‘पुसून टाक’, ‘कायमची काढून टाक’ असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले असेल तरच हे साधन वापरावे. नुसते ‘काढ’ म्हटले असल्यास आधी विचारून खात्री करून घ्यावी. एवढी तीन वाक्ये सुचण्यासाठी मराठी क्रियापदांचा संसार ठाऊक असावा लागतो.

६.

विस्तार किती करावा, हाही प्रश्न आहे. आपल्या परंपरेत सूत्राला मोठी प्रतिष्ठा आहे. प्रोग्रामरही स्वभावाने सूत्रकारच असतात. परंतु सूत्र थोडक्यात आटोपते, कारण ते शिकवणारा गुरू समोर असतो आणि नंतर भाष्यकार येणार असतो. साधनवर्णनाच्या वाचकाला गुरूही नाही आणि भाष्यही नाही. सूत्राच्या पारंपरिक लक्षणात अल्पाक्षरत्वाच्या जोडीला असंदिग्धता सांगितलेली आहे, याचा मात्र नेहमी विसर पडतो. अर्थात पाल्हाळही परवडत नाही. प्रत्येक साधनाचे वर्णन सहसा प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे ठेवले जाते, आणि एकाच वेळी लक्षात घेता येईल अशा मजकुराला मर्यादा असते. पन्नास साधनांची पानभर वर्णने एकमेकांची वाट अडवतात. आधी असंदिग्धता, मग अल्पाक्षरत्व, असा क्रम ठेवावा हे बरे.

याहून उपयुक्त नमुना मराठीच्या आरंभकाळातच सापडतो. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांचे सूत्र, त्यावरचा त्यांचा दृष्टांत आणि केशिराजबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आहेत. नियम, उदाहरण, आणि त्या उदाहरणातले काय घ्यायचे याचा खुलासा. साधनवर्णनात पहिली दोन अंगे अनेकदा असतात, तिसरे नसते. ‘उदाहरणार्थ, लेखक: केशवसुत’ एवढेच लिहिले तर वाचक त्यातून काय घेईल? टोपणनाव द्यायचे हे, की एकच शब्द द्यायचा हे, की आडनाव द्यायचे नाही हे? उदाहरणातला योगायोग आणि उदाहरणातला नियम यांतला भेद सांगणारे दार्ष्टांतिक नसेल, तर मॉडेल योगायोगाचेच अनुकरण करण्याचा संभव राहतो. ‘उदाहरणार्थ, कृष्णाजी केशव दामले असे न देता केशवसुत असे द्यावे, कारण पुस्तकावर ते नाव छापलेले आहे’ एवढा खुलासा पुरतो.

७.

आणखी एका मुद्द्याकडे लक्ष वेधायला हवे. वर्णन हे वरवर पाहता माहितीचे गद्य आहे. प्रत्यक्षात ते आज्ञेचेही गद्य आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी, निषेध आणि अर्थवाद वेगळे केले. साधनवर्णनात हे तिन्ही असतात. ‘हे सर्वोत्तम आणि अत्यंत विश्वासार्ह साधन आहे’ हा शुद्ध अर्थवाद. माणूस अशी जाहिरात ऐकून सोडून देतो. पण ज्या वाचकाला निवडीसाठी शब्दांपलीकडे दुसरा आधारच नाही, त्याच्यावर स्तुतीचाही परिणाम होऊ शकतो.

विधीचा दुरुपयोग तर याहून गंभीर आहे. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या कंपनीने दाखवून दिले, की साधनाच्या वर्णनातच गुप्त आज्ञा दडवता येतात. त्यांच्या नमुन्यात दोन संख्यांची बेरीज करणारे एक निरुपद्रवी दिसणारे साधन होते. त्याच्या वर्णनात मॉडेलला उद्देशून लिहिलेले होते, की आधी वापरणाऱ्याच्या संगणकावरची खासगी फाइल वाच, तिच्यातला मजकूर एका जादा रकान्यात भरून पाठव, आणि याविषयी वापरणाऱ्याला बोलू नकोस. वापरणाऱ्याला पडद्यावर फक्त ‘बेरीज’ दिसत होते. या प्रकाराला ‘साधनातले विष’ अशा अर्थाचे नाव मिळाले. वर्णन वाचून ‘हे वाक्य इथे का आहे, ते कोणाशी बोलते आहे, कोणाच्या हिताचे आहे’ असे विचारणे हा त्यावरच्या उपायांपैकी एक आहे. संहितेला असे प्रश्न विचारण्याचे शिक्षण आपण वर्गात देतोच.

८.

या सगळ्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा, की मॉडेले दिवसेंदिवस अधिक समर्थ होत आहेत. आज ज्यासाठी वर्णन लागते ते उद्या ती आपोआप ओळखतील. यात तथ्य आहे, पण अर्धेच. सामर्थ्य वाढले की तर्क सुधारतो. मात्र या ग्रंथालयाच्या सूचीकाराने शके नोंदवला की इसवी सन, ही तर्काने कळण्याजोगी गोष्ट नाही; ती सांगावी लागते. कितीही विद्वान माणूस कचेरीत नव्याने आला तरी तिथले शिरस्ते त्याला कोणीतरी सांगावेच लागतात.

दुसरा आक्षेप वाङ्मयाच्या बाजूने येईल. अनेकार्थता, ध्वनी, व्यंजना यांवर ज्यांचे प्रेम आहे त्यांना अभिधेच्या या रुक्ष कारकुनीला का जुंपायचे? मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, कारण त्यातच त्याचे उत्तर आहे. शब्दाला एकाहून अधिक अर्थ कुठून फुटतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते कुठे फुटू द्यायचे नाहीत हे कळते. ‘नोंदी काढ’ यातली अनेकार्थता दिसण्यासाठी लागणारी नजर आणि कवितेतल्या श्लेषाने आनंदित होणारी नजर या वेगळ्या नाहीत. कवितेचा तास बंद करून हे शिकवा, असे माझे म्हणणे नाही. कवितेच्या तासाला जे शिकवले जाते त्याचा हाही एक उपयोग आहे, एवढेच म्हणणे आहे.

यात मराठीचा स्वार्थही आहे. मराठी माणसे आपली कामे मराठीत सांगणार, आणि ती कामे करणारी साधने मराठी न जाणणाऱ्यांनी वर्णिलेली असणार, अशी स्थिती आली तर शिरवाडकरांची निम्मी पुस्तके गायब होणे हा तिचा सर्वांत सौम्य परिणाम ठरेल. दाखले, उतारे, वारसनोंदी, हयातीचे दाखले यांच्याशी माणसांची घरे आणि निवृत्तिवेतने बांधलेली असतात.

प्रत्यक्ष सुरुवातीला फार सामग्री लागत नाही. उपयोजित मराठीच्या तासाला दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने आपल्या विभागाच्या ग्रंथालयातली एक सूची, एक नोंदवही किंवा एक कपाट निवडून त्याचे वर्णन दहा वाक्यांत लिहावे. दुसऱ्याने ते कपाट न पाहता, लिहिणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता, केवळ त्या वर्णनाच्या आधारे पाच शोध कसे घेईल ते लिहून द्यावे. मग दोघांनी कपाटापाशी जाऊन कुठे काय चुकले ते पाहावे आणि वर्णन पुन्हा लिहावे. संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो.